कागदावर साडेपंधरा, रस्त्यावर अकरा: मोठ्या डिझेल गाड्यांच्या अ‍ॅव्हरेजचं खरं काय?

सातारकर

गाडी घेऊन तीन महिने झाले. २.२ लिटरचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक, सात सीटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा एका कंपनीचा प्रश्न नाही. शोरूममध्ये सांगितलं होतं, "साडेपंधरा कुठं जात नाही साहेब, सरकारी चाचणीचा आकडा आहे."

पहिल्या दिवसापासून वहीत नोंद ठेवली. सात वेळा टाकी फुल, दर वेळी एकाच पंपावर. ४,२१२ किलोमीटर, ३७८ लिटर. म्हणजे लिटरला ११.१४ किलोमीटर. गाडीच्या स्क्रीनवर मात्र १२.१ दिसतं, त्यामुळे स्क्रीन बघून अ‍ॅव्हरेज सांगणाऱ्यांनी एकदा वहीत हिशेब करून बघावा. साडेपंधराने २७२ लिटरच लागायला हवं होतं. १०६ लिटर जास्त गेलं. लिटरला ९० रुपये धरले तर साडेनऊ हजार, तेही तीन महिन्यांत.

पुण्याला चौघं बसून, एसी लावून, ताशी १०० ते ११० ने गेलो की बाराच्या थोडं वर मिळतं. शाळा, बाजार आणि यवतेश्वरचा घाट असा आठवडा गेला की साडेआठ. माझं म्हणणं एवढंच आहे की साडेपंधराचा आकडा ज्या परिस्थितीत मिळतो, ती आमच्या साताऱ्यात कुठल्याच रस्त्यावर नाही. गिऱ्हाइकाला तो सांगायचा असेल, तर एसी आणि चढ धरून काढलेला दुसरा आकडाही सांगणं बंधनकारक करा.

मिरजकर

नोंद चोख ठेवलीत, पण निष्कर्ष पटला नाही. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या तापमानात, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगाने चालवतात, ते मुद्दामच. प्रत्येक गाडीला तीच परीक्षा द्यावी लागते, म्हणून दोन गाड्यांची तुलना करता येते. रस्त्यावर चाचणी घेतली तर एका दिवशी वारा समोरून, दुसऱ्या दिवशी पाठीमागून. तो आकडा कुणाच्या कामाचा?

माझी गाडी याच वर्गातली आहे, फक्त मॅन्युअल. मिरज-सोलापूर रस्त्याला ८० ते ८५ ठेवतो, दर पंधरवड्याला हवा तपासतो, टपावर कॅरिअर नाही. टाकी फुल करून मोजलेलं अ‍ॅव्हरेज १४.३. तुम्ही ११० ने जाणार आणि दोष चाचणीला देणार, हे बरोबर नाही. आधी पाय हलका करा.

सातारकर

वेगाचं मान्य आहे. पण मिरज-सोलापूर म्हणजे सपाट माळ. आमच्याकडे पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट आहे. तिथं पाय हलका ठेवून मागच्या ट्रकवाल्याला काय सांगू?

वाईहून

मी पर्यटकांची गाडी चालवतो, सात सीटर डिझेल. पसरणी घाट महिन्यातनं वीस वेळा तरी होतो. वाईतनं निघताना गाडी भरलेली, टपावर बॅगा, एसी फुल. पाचगणीत पोचेपर्यंत सहा-सातच्या वर अ‍ॅव्हरेज मी कधी बघितलं नाही. उतरताना थोडं भरून निघतं, सगळं नाही. आम्ही किलोमीटरचा दर ठरवताना अ‍ॅव्हरेज दहाच धरतो. शोरूमचा आकडा धरून दर लावला असता, तर गाडीचा हप्ताही निघाला नसता. नवीन पोरं तो आकडा धरून कर्जाचा हिशेब करतात आणि सहा महिन्यांत गाडी विकायला काढतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून सातारकरांची मागणी मला योग्य वाटते.

कराडकर

अभियांत्रिकीचा शिक्षक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चाचणीत डिझेल मोजत नाहीत. धुरातल्या कार्बनवरून किती इंधन जळलं ते काढतात. ती पद्धत अचूक आहे, तिथं खोटं काही नाही. अडचण गाडी कशी चालवतात त्यात आहे. भारतीय चाचणी जुन्या युरोपीय चाचणीवर बेतलेली. साधारण साडेदहा किलोमीटर, वीस मिनिटांच्या आत संपते, वेग हळुवार वाढतो आणि ताशी ९० च्या वर एकदाही जात नाही. युरोपात ही मर्यादा १२० होती.

आता मिरजकरांचा तुलनेचा मुद्दा. एकाच वर्गातल्या दोन गाड्यांपुरता तो बरोबर आहे. पण लहान गाडी आणि मोठी गाडी यांची तुलना करायला गेलात की हीच चाचणी मोठ्या गाडीला झुकतं माप देते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने (स्क्वेअरने) वाढतो, म्हणजे ९० वरून ११० वर गेलात की जवळजवळ दीडपट. गाडीची समोरची बाजू रुंद आणि उंच असेल तर तो भार आधीच जास्त असतो. रोलरवर ९० पुढचं कधी येतच नाही, त्यामुळे मोठ्या गाडीची खरी कमजोरी झाकली जाते.

चढाचंही तसंच. वाई ते पाचगणी उंचीतला फरक पावणेसहाशे मीटरच्या आसपास. माणसांसकट अडीच टनांची गाडी तेवढी वर न्यायला जी ऊर्जा लागते, ती एक लिटर डिझेलमधून इंजिनाला जेवढं काम काढता येतं त्यापेक्षा थोडी जास्तच आहे. रस्ता बारा-तेरा किलोमीटरचा. सपाटीवर तेवढ्याला एक लिटर लागलं असतं, घाटात दोन. वाईकरांचे सहा-सात इथून येतात. सव्वा टनाच्या गाडीला हा जादा खर्च निम्मा. रोलरला घाट नसतो.

युरोपात कागद आणि रस्ता यांतली तफावत २०१५ पर्यंत चाळीस टक्क्यांच्या आसपास पोचली होती. सप्टेंबर २०१७ पासून तिथं नव्याने येणाऱ्या मॉडेलना आणि सप्टेंबर २०१८ पासून सगळ्या नवीन गाड्यांना दुसरी चाचणी लागू केली, तीस मिनिटांची, ताशी १३१ पर्यंत जाणारी. म्हणजे चाचणी बदलता येते.

(वाईकर, उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिनात डिझेल जातच नाही. न्यूट्रलला मात्र जातं आणि ब्रेकही तापतात.)

तासगावकर

मला हा सगळा वाद जरा बाजूचा वाटतो. द्राक्षबाग आहे, रस्ता खडीचा, घरात आठ माणसं. मोठी गाडी गरजेपोटी घेतली. घेण्याआधी आकडा बघितला नाही, गावातल्या चार जणांना विचारलं. चौघांनी अकरा ते बारा सांगितलं, मला साडेअकरा मिळतं. तक्रार कशाची?

उलट एक सांगतो. सातारकर, तुमचं शाळा-बाजार असं दोन-दोन किलोमीटरचं चालवणं बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेल गाडीला मानवत नाही. सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमधली काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल टाकते. त्या वेळी गाडी बंद केली की काम अर्धवट राहतं आणि पुन्हा सुरू होतं. आमच्याकडेही गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉलीमागं सरपटत जावं लागतं, तेव्हा अ‍ॅव्हरेज दहावर येतं. दुसरा सरकारी आकडा हे सगळं कसं सांगणार?

सातारकर

तासगावकर, तुम्हाला विचारायला चार जण होते. नवीन मॉडेल आल्यावर पहिल्या महिन्यात घेणाऱ्यानं कुणाला विचारायचं? फिल्टरचं मला ठाऊक होतं, पण शोरूमनं ते सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर मी कदाचित पेट्रोल घेतली असती.

मिरजकर

कराडकरांचा लहान-मोठ्या गाडीचा मुद्दा मान्य करतो. असा विचार केला नव्हता. पण दुसऱ्या आकड्याला अजून विरोधच आहे. पसरणीचा घ्यायचा की आंबा घाटाचा, यावर वर्षं जातील. त्यापेक्षा आहे त्या आकड्याशेजारी "एसी बंद, सपाट, कमाल वेग ९०" एवढी ओळ तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

आणि सातारकर, एक रविवार काढा. सातारा ते पेठ नाका आणि परत, ८० च्या वर जायचं नाही. तोच पंप, तोच नॉझल, पहिल्या कट-ऑफला (नॉझल आपोआप बंद पडला की) थांबायचं, वरून एक थेंब नाही.

सातारकर

या रविवारी जातो. जाताना एसी बंद ठेवतो, येताना चालू. पेठ नाक्यालाही टाकी फुल करावी लागेल, म्हणजे तिथला पंप वेगळा पडेल, ते धरून चला. दोन्ही पावत्यांचे फोटो रात्री टाकतो.