घराचं काम काढलं आणि गॅरंटी तोंडीच राहिली : तुमचे अनुभव सांगा

काल रात्रीच्या पावसात वरच्या मजल्यावरच्या काकू छताखाली बादली लावत होत्या. तो टपटप आवाज ऐकला आणि २०१६ चं आमचं बाथरूम आठवलं. कोबा फोडून सगळं नवीन केलं होतं. ठेकेदार म्हणाला, "ताई, दहा वर्षं बघायचं काम नाही." दिवाळी तोंडावर, कामगार गावी जायचे म्हणून पूर्ण पैसे दिले. आठ महिन्यांत खालच्यांच्या छताला बशीएवढा पिवळा डाग, मग परातीएवढा. फोन उचलेना. माझ्याकडे कागद एकच, वहीच्या पानावरची बेरीज. परत सगळं फोडलं तेव्हा आई रडली होती. तुमचं काय झालं?

रानजाई : अगं सेम! खालच्यांनी बोलणंच सोडलं. त्याचा त्रास जास्त झाला.

कोकणकडा : टाइल्स लावायच्या आधी पाणी भरून ठेवा. जाळीत बोळा कोंबायचा, भिंतीवर खडूने रेघ मारायची, ४८ तास थांबायचं. आमची रेघ दोन बोटं खाली गेली म्हणून वेळीच कळलं.

सायली_ठाणे : महारेराकडे (घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) जा ना, पाच वर्षांची हमी असते.

जुनाखडू : सायली, ती बिल्डरची. रेरा कायद्याचं कलम १४(३), ताब्यापासून पाच वर्षं, कळवल्यावर ३० दिवसांत दुरुस्ती. आपण लावलेल्या ठेकेदाराला ते लागू नाही. त्याच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. मी केली होती. व्हॉट्सॅपवरचे फोटो आणि यूपीआयच्या नोंदी कामी आल्या, म्हणून रोख देऊ नका.

सायली_ठाणे : अरे बापरे, माहीतच नव्हतं. थँक्यू दादा.

पोळीभाजी : आम्ही दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत ठेवून घेतली. कागदावर आधीच लिहिलं होतं. सप्टेंबरात स्वतः येऊन सांधे भरून गेला. कुकर झाला, बाकी नंतर लिहिते.

रानजाई : पोळीभाजी, कोथरूडकडे येतो का तो? नंबर व्यनि (खाजगी निरोप) कर ना.

कोकणकडा : आणि वॉटरप्रूफिंगच्या केमिकलच्या डब्यावरची दहा वर्षं मालाची असतात, कामाची नाही. मजुरीची हमी वेगळी लिहून घ्या.

पोळीभाजी : केला गं व्यनि. पण गणपतीनंतरच येईल, गावी गेलाय.

रानजाई : चालेल. धागाकर्ती, काकूंचं छत थांबलं का गळायचं?

धागाकर्ती : नाही गं. दुसरी बादली मी देऊन आले. गच्चीवरून येतंय, सोसायटीला पत्र आज दोघी मिळून लिहितोय.