हिंसेमुळे मालिका मधेच सोडतोय, पण टीव्हीवरून ती जात नाही

सुदामानगर_इंदूर:
नेटफ्लिक्सवरची एक गुन्हेगारी मालिका पाच भागांनंतर बंद करायची म्हणतोय. छळाची दृश्यं भागागणिक लांबत चालली आहेत आणि हॉलमधल्या टीव्हीसमोर नऊ वर्षांची मुलगीही असते. पण टीव्ही लावला की पहिल्याच पडद्यावर तीच मालिका, आणि झलक आपोआप सुरू. तेवढी दृश्यं पुढे ढकलून बघता येईल, की सोडूनच द्यावी? सोडायची तर समूळ कशी काढायची?

रावपुरा_बडोदा:
सोडा. दहा-दहा सेकंद पुढे ढकलून काही साधत नाही. चाकू दिसायच्या आधी किंकाळी ऐकू येते, बटण दाबेपर्यंत निम्मं दृश्य होऊन गेलेलं असतं. वर पुढच्या भागाच्या सुरुवातीला 'मागील भागात' म्हणून तेच तुकडे परत.

यापुढे नवीन काही लावण्याआधी वरच्या कोपऱ्यातली पट्टी वाचत जा. केंद्र सरकारच्या 2021च्या नियमांप्रमाणे यू, यू/ए 7+, यू/ए 13+, यू/ए 16+ आणि ए असे वयाचे वर्ग आहेत, आणि हिंसा, भाषा वगैरे कारणही तिथेच लिहिलेलं असतं. मी मात्र रक्त किती हे मोजत नाही. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या वेदनेवर थांबतो की मारणाऱ्याच्या ऐटीवर, हे बघतो. ऐटीवर थांबत असेल तर पुढचे भाग सौम्य होण्याची आशा धरू नका.

जुनी_इंदूर_४:
काढायचं काम टीव्हीवर नको, ब्राउझरमध्ये अकाउंट उघडून करा.

आधी तुमच्या प्रोफाइलची 'व्ह्यूइंग अ‍ॅक्टिव्हिटी' उघडा. यादीतल्या पाहिलेल्या भागापुढचं तिरप्या रेघेचं वर्तुळ दाबा, मग पूर्ण मालिका लपवायचा पर्याय येतो, तो घ्या. सगळ्या उपकरणांवरून जायला 24 तासांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे मालिका लगेच गेली नाही म्हणून पुन्हापुन्हा खटपट करू नका. हे न करता नुसतं बघणं थांबवलं तर अर्धवट राहिलेला भाग 'कंटिन्यू वॉचिंग'मध्ये तसाच बसून राहतो.

मग 'प्लेबॅक सेटिंग्ज'मध्ये दोन खुणा काढून टाका: पुढचा भाग आपोआप, आणि झलक आपोआप. बदल दिसला नाही तर दुसऱ्या प्रोफाइलवर जाऊन परत या. ही सेटिंग प्रत्येक प्रोफाइलला वेगळी करावी लागते, बहुतेक जण इथेच चुकतात.

मुलीच्या प्रोफाइलला 'व्ह्यूइंग रिस्ट्रिक्शन्स'मध्ये वयाची मर्यादा घाला आणि मालिकेचं नावही टाका. पण मोठ्यांच्या प्रोफाइलला चार आकडी पिन नसेल तर सगळं व्यर्थ, मूल सरळ तिकडे जातं. पिन लावताना 'नवीन प्रोफाइलसाठीही पिन' ही खूणही करा. जन्मसाल ठेवू नका, मुलांना पाठ असतं.

दांडियाबाजार:
यूट्यूबवर त्याच मालिकेचे तुकडे येत राहतील. प्रत्येकावर तीन टिंबं दाबून 'नॉट इंटरेस्टेड' करा आणि पाहिलेले तुकडे हिस्टरीतून काढा.

पट्टीवर वर्ग चुकीचा वाटत असेल तर तक्रार जरूर करा. भाग क्रमांक, मिनिट आणि सेकंद लिहून प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. पोच 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत देणं बंधनकारक आहे. त्यानंतर प्लॅटफॉर्मनीच मिळून नेमलेली स्वनियमन संस्था, आणि शेवटी माहिती व प्रसारण मंत्रालय. 'फार हिंसा आहे' एवढंच लिहिलं तर तपासणाऱ्याला नेमकं दृश्य सापडत नाही.