बाबांच्या वहीतले माळढोक पक्षी कुठे नोंदवायचे? (मदत हवी आहे)

मंडळी, बाबा एसटीत कंडक्टर होते. सोलापूर-बार्शी फेरी बरीच वर्षं केली. खिडकीतून काय दिसलं ते खिशातल्या वहीत लिहायचे. दिवाळीत माळा आवरताना अशा सात वह्या सापडल्या. नमुना देतो:

"आषाढ व. ३, शके १९१६. नान्नजच्या अलीकडं माळढोक ३. एक नर, गळा फुगवलेला. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. पाशिंजर ओरडले."

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, पण आज तिथं माळढोक दिसला तर बातमी होते. म्हणून या ओळी घरात पडून राहू नयेत असं वाटतं. एका कार्यालयात वह्या घेऊन गेलो, तर "झेरॉक्स ठेवून जा" म्हणाले. ठेवली नाही.

अडचण अशी, की तारखा सगळ्या तिथीनं आहेत. जागा "वडाळ्याच्या पुढं, मोठ्या लिंबाजवळ" अशा. आणि निम्म्या पानांवर नुसतं "मोठी घार?".

शिवाय एक माझं स्वतःचं. आमच्या शेताजवळच्या ओढ्यात यंदा लांडगीची पिल्लं आहेत. तेही नोंदवू का?

मुरमाड: आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, मूळ वही कुणाला देऊ नका. पक्षी ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) टाका. जुन्या नोंदींसाठी तिथं 'हिस्टॉरिकल' प्रकार आहे, किती वेळ पाहिलं ते माहीत नसलं तरी चालतं. "दिसलेले सगळे पक्षी लिहिले का?" याला 'नाही' म्हणा, तिकिटं फाडता फाडता कोण सगळे मोजणार! माळढोकाची जागा ई-बर्ड लोकांना दाखवत नाही, ती काळजी सोडा. "मोठी घार?" मात्र घार म्हणून टाकू नका. हिवाळ्यातल्या नोंदी असतील तर भोवत्याही (घारीसारखाच एक शिकारी पक्षी) असू शकतो. ओळख पटत नसेल तर 'शिकारी पक्षी' एवढंच. जागेसाठी नकाशावर टाचणी अंदाजानं लावा आणि बाबांचे शब्द शेऱ्यात जसेच्या तसे उतरवा, लिंबासकट.

पंचांगवाला: शकात ७८ मिळवा, म्हणजे १९१६ चा आषाढ १९९४ मधला. पण शक चैत्रात सुरू होतो, त्यामुळे माघ-फाल्गुनाच्या आणि जानेवारीत येणाऱ्या पौषाच्या नोंदींना ७९. इथंच लोक चुकतात. नेमक्या तारखेसाठी त्या वर्षाचं दाते पंचांग शोधा, आपल्याच सोलापूरचं आहे.

ओढ्याकाठी: लांडग्याचं वेगळं. आयनॅचरलिस्टवर (सगळ्या जीवांच्या नोंदींचं संकेतस्थळ) जागा धूसर ठेवता येते, तरी पिल्लं आहेत तोवर बिळाचा फोटो कुठंच टाकू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. गाड्या घेऊन फोटोवाले येतात. मेंढरं गेलेला माणूस बिळात धूर करतो, त्याला तरी कसा दोष द्यायचा. वनरक्षकाला समक्ष सांगा, नाहीतर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. पिल्लं हलली की मग नोंदवा. आणि गावात जैवविविधता समिती असतेच, कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत हवी. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या प्राणी-पक्षी-झाडांची वही) बाबांच्या ओळी जायला पाहिजेत. ग्रामसेवकाला विचारा, समिती नुसती कागदावर असेल तर जागी होईल.

मूळ प्रश्नकर्ता: आभार. पंचांगाचं डोक्यातच आलं नव्हतं. १९०८ ते १९२१ शकांची पंचांगं कुणाकडे आहेत का? घरी येऊन फोटो काढून घेईन. आणि ती लिंबाची जागा... झाड गेलंय, पण बाबा म्हणतात, "मला गाडीत बसव, दाखवतो." रविवारी जातोय.