सायबरपंक २०७७: जुन्या ग्राफिक्स कार्डावर डॉगटाउन कितपत चालतं?

सायबरपंक २०७७ हा गेम आणि ज्यात डॉगटाउन हा भाग येतो ते त्याचं फँटम लिबर्टी एक्सपान्शन घ्यावं का, हा निर्णय रिव्ह्यू वाचून होत नाहीये. गेम आला तेव्हाची, डिसेंबर २०२० मधली नाराजी आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० पॅचनंतरचं (मोठ्या अपडेटनंतरचं) कौतुक एकाच टक्केवारीत मिसळलंय. स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) रिव्ह्यूंच्या आलेखातून फक्त २.० नंतरचा काळ निवडला, १० तासांपेक्षा कमी खेळलेले गाळले. उरलेले लोक कथेवर खूश, पण स्वतःचं कार्ड कुणीच लिहीत नाही!

माझा सेटअप: जीटीएक्स १०६० (६ जीबी) ग्राफिक्स कार्ड, रायझन ५ १६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, साटा एसएसडी, १०८० पी मॉनिटर. म्हणजे गेमच्या अगदी किमान अटींवर. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र) या कार्डावर नाही, त्यामुळे भिस्त एफएसआरवर, म्हणजे एएमडीच्या तशाच तंत्रावर. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवस आणि २ तासांच्या खेळाच्या आत रिफंड मिळतो हे माहीत आहे, पण सुमारे ७० जीबी उतरवून परत करणं माझ्या डेटा प्लॅनला झेपणारं नाही. गेममधला बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) डॉगटाउनमध्ये चालत नाही, म्हणून त्याचे यूट्यूबवरचे आकडेही कामाचे नाहीत. नवीन कार्ड सध्या नको.

याच वर्गातलं कार्ड असलेल्यांनी सांगा: लो सेटिंग, एफएसआर क्वालिटी, क्राउड डेन्सिटी (रस्त्यावरची गर्दी) लो ठेवून डॉगटाउनमध्ये गाडी चालवताना एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) ३० च्या खाली जातो का? आणि गेला तर एफएसआर क्वालिटीवरून बॅलन्स्डवर (कार्डावर आणखी कमी ताण) नेल्याने सुधारतो, की अडतं ते प्रोसेसरपाशी?