मदत हवी आहे : अण्णांना अन्ननलिकेचा कॅन्सर, संभाजीनगर की टाटा?

नमस्कार. आम्ही जालना जिल्ह्यातले. अण्णांचं वय ६२. दिवाळीपासून भाकरी घशाखाली उतरेना. आधी दुधात कुस्करून, मग नुसती पेज, आता पाण्याचा घोटही छातीत अडतो. तीन महिने पित्ताच्या गोळ्या देत बसलो, चूक आमचीच. दुर्बिणीनं बघितलं तर गाठ. तुकडा तपासला, स्क्वॅमस (नळीच्या आतल्या अस्तरातल्या चपट्या पेशींचा) प्रकार निघाला. डॉक्टर म्हणतात, आधी पाच आठवडे रेडिएशन आणि केमो, मग ऑपरेशन.

तंबाखू-चुना चाळीस वर्षं. चहाही चुलीवरून उतरला की बशीत न ओतता तसाच. काश्मीरात नि इराणच्या गोलेस्तानात हा आजार फार, तिथं कढत चहाकडंही बोट दाखवतात म्हणे. आमच्या घरी मात्र मला तंबाखूचीच डबी दिसते.

संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात हे उपचार कुणी घेतलेत का? का सरळ टाटाला न्यावं? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा कशी मिळते? वजन ४१ किलोवर आलंय. पोटात नळी बसवली तर घरचं पातळ वरण, ताक चालतं का? महात्मा फुले योजनेला कागद कोणते लागतात? रेशनकार्ड पिवळं आहे.

अण्णांना अजून आजाराचं नाव सांगितलेलं नाही, म्हणून फोन नको, इथंच लिहा.