वेबचा आरसा काचेचा का नाही?

हबल या अंतराळ दुर्बिणीच्या आरशाला काच चालली, मग जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीला बेरिलियम हा महागडा धातू कशाला, असा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी साताऱ्यात घरी दुर्बिणीचा ६ इंची आरसा हाताने घासलाय. पॉलिश झालेल्या काचेवर नुसता अंगठा थोडा वेळ टेकवायचा आणि ब्लेडची फूको चाचणी घ्यायची, म्हणजे आरशावरून परतणारा प्रकाश ब्लेडच्या धारेने अडवून पृष्ठभागाचे उंचसखल भाग बघायचे. तिथे चक्क टेकाड उठलेलं दिसतं! बोटाच्या उबेने काच फुगते. काही मिनिटांत ते आपोआप बसतं. ते पाहिल्यापासून मला आरशाचा खरा शत्रू तापमान वाटतो.

हबलच्या २.४ मीटरच्या आरशाची टायटॅनियम मिसळलेली सिलिका काच खोलीच्या तापमानाला जवळपास प्रसरण पावत नाही. म्हणून तो आरसा हीटरने साधारण २१ अंशांवर ठेवतात. वेबच्या आरशाचे १८ तुकडे मात्र उणे २२० अंशांच्या आसपास काम करतात. बेरिलियमची गंमत अशी की खोलीत ते चांगलंच फुगतं-आकसतं, पण इतक्या थंडीत जवळपास जागचं हलत नाही. थंड केल्यावर तुकडा कुठे किती वाकतो ते मोजून, तेवढी चूक आधीच उलट दिशेने घासून ठेवली होती. हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो.

शिवाय ते हलकं आणि ताठ, १.३ मीटरच्या तुकड्यात बेरिलियम फक्त २० किलोच्या आसपास. त्याची धूळ मात्र फुप्फुसांना घातक, घरी करायचं काम नव्हे.

आणि तो आरसा ‘सोन्याचा’ नाही. अवरक्त (इन्फ्रारेड) किरण परतवायला वर सोन्याचा जेमतेम १०० नॅनोमीटरचा थर आहे, एवढंच.