मदत हवी आहे: जुन्या कालव्याकाठच्या वाटेवर खुणा कशा कराव्यात?

नमस्कार मंडळी, आम्ही काही स्थानिक स्वयंसेवक जलवाहतुकीच्या एका जुन्या कालव्याकाठची वाट चालणाऱ्यांसाठी आखतोय. घोडे नि खेचरं दोराने बोटी ओढत जिच्यावरून चालायची, तीच ही वाट. जवळपास सपाट, त्यामुळे वयस्कर माणसांनाही झेपणारी.

कालवा शाबूत आहे तिथे पाणीच वाट दाखवतं. पण काही पुलांपाशी वाट काठ बदलते, काही भागात कालवा बुजवून रस्ता झालाय. तिथे माणूस हमखास चुकतो. वळणाआधी एक आणि वळल्यावर खात्रीसाठी एक, अशा दोन खुणा पुरतील का? वाट दोन्ही दिशांनी चालून पाहिल्याशिवाय जागा ठरवायच्या नाहीत, एवढं पक्कं आहे.

खरा पेच पुलांचा. कडेच्या दगडांवर दोर घासून पडलेल्या खाचा अजून दिसतात. त्या दगडांना रंग लावायला माझा ठाम विरोध आहे. खांब रोवावेत तर भराव पोखरला जाऊन पाणी झिरपायची भीती. तुम्ही काय केलंत?

अमेरिकेतला चेसापीक अँड ओहायो कालवा १९२४ मध्ये बंद पडला. त्याच्या काठची सुमारे २९७ किलोमीटरची वाट आज राष्ट्रीय उद्यानात जपली आहे, मैलाचे खांबही आहेत. आमच्याकडे एवढं बळ नाही. खुणांची देखभाल स्वयंसेवकांत कशी वाटावी? प्रत्येकाला ठरावीक टप्पा द्यावा, की सगळ्यांनी मिळून फेरी मारावी?